धुऱ्यावरून दिसलेला माणूस

प्रवास या विषयावर मी तीस वर्षं बोलते आहे आणि प्रवासाला निघायचं म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. साताऱ्याहून पुण्याला जातानासुद्धा खंबाटकी येईपर्यंत नाकाशी लिंबू धरून बसणारी बाई मी. पण कॉलेजात मराठी शिकवायला लागल्यापासून 'साहित्यातला आणि सिनेमातला प्रवास' हे माझं हुकमी व्याख्यान. नायक घर सोडतो, वाटेत अडतो, बदलून परत येतो. आगगाडीची शिट्टी म्हणजे ताटातूट, होडी म्हणजे पैलतीर, रस्त्याचं वळण म्हणजे निर्णय. निवृत्तीनंतरही हे व्याख्यान मला कुठे ना कुठे बोलावून नेतं. दिवाळीनंतर त्याने मला भंडाऱ्याला नेलं, आणि तिथे जे झालं ते लिहायला बसले आहे.

भंडारा

रेल्वेत काय काय सोसलं ते सांगत नाही. सकाळी तर्री-पोहे पुढे आले आणि मी माणसात आले. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं भुरभुरतात, इथे त्यांच्यावर हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओततात. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं, तिसऱ्या घासाला मी आणखी रस्सा मागितला. वाढणारा गडी म्हणाला, "घ्या नं जी, लाजता कायले?" हा 'जी' मला फार आवडला. आमच्या साताऱ्यात आपुलकी असते, पण ती दटावल्यासारखी बाहेर पडते.

व्याख्यान कॉलेजच्या सभागृहात होतं. पेनड्राइव्ह चालला नाही, त्यामुळे चित्रांशिवाय, नुसत्या हातवाऱ्यांवर बोलले. पण रंगलं. सभागृह हसायला लागलं की मला चढतं. त्या भरात मी प्रतीकांच्या अतिरेकाचं एक ताजं उदाहरण दिलं. एका प्रकाशकांसाठी मी हस्तलिखितं वाचून अभिप्राय देते. लेखकाचं नाव झाकून ती माझ्याकडे येतात. अशाच एका कादंबरीत एक प्रकरण होतं. बाप अनवाणी चालतोय, खांद्यावर हिरवी फांदी आहे, ती तो एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे नेतो, बांधतो, परत येतो, पुन्हा दुसरी फांदी नेतो. दिवसभर तेच. मुलगी लांब उभी राहून बघते. बस्स.

"आता बघा," मी म्हणाले, "अनवाणी म्हणजे तपश्चर्या, हिरवी फांदी म्हणजे आशा, लांब उभी मुलगी म्हणजे दोन पिढ्यांतलं अंतर. लेखकाने एकेका प्रतीकाला हार घालून स्टेजवर बसवलंय. बिचाऱ्या बापाला चप्पल तरी द्यायची!"

सभागृह खदखदून हसलं. टाळ्या पडल्या. माझ्या अभिप्रायावरून ते प्रकरण कादंबरीतून काढून टाकलंय, हेही मी सांगून टाकलं. शेवटी एका मुलीने प्रश्न विचारला, "मॅडम, तुम्ही स्वतः किती फिरल्या?" त्यावरही मी हशा घेतला.

गर्दी पांगल्यावर एक बाई पुढे आली. पस्तिशीची असेल, खांद्याला शाळेत नेतात तशी पिशवी. नमस्कार करून म्हणाली, "मी रेखा. मोहाडीले शिक्षिका आहे. ते फांदीवालं प्रकरण माझं होतं जी."

माफी मागायला तोंड उघडलं, तर तीच म्हणाली, "तुम्ही बोलल्या ते चुकीचं नव्हतं मॅडम, दिसाले तसंच दिसते. पण तुमची गाडी परवाची आहे म्हणे. माह्या घरी येता काय? बाबा अजूनही फांद्या नेऊन राहिले."

ती आवाज चढवून चार शब्द बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने जेवायला बोलावलं. मी परवाचं तिकीट रद्द करून आणखी तीन दिवसांनंतरचं काढलं.

मोहाडी

अठ्ठावन्नाव्या वर्षी मी पहिल्यांदा स्कुटीवर कुणाच्या तरी मागे बसले. रेखा हळू चालवत होती, तरी मी तिची पिशवी इतकी घट्ट धरली की मोहाडी येईपर्यंत पिशवीचा बंद तुटला होता. पण उघड्या हवेत मळमळलं नाही, हा शोध मला या वयात लागला. दोन्ही बाजूंना धान पिवळं पडून वाकलं होतं. मध्येच एखादा तलाव यायचा, त्यात आभाळ आणि म्हशी. आमच्याकडे कुठेही बघितलं तरी डोंगर आडवा येतो, इथे नजर जाते ती जातच राहते.

रात्रीच्या जेवणाला भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, वांग्याची भाजी आणि तिच्या सासूबाईंनी माझ्यासाठी मुद्दाम तळलेले वडे. मी सवयीने भाकरीची वाट बघत थांबले होते. सासूबाई म्हणाल्या, "जेवा नं जी, भात जुडून राहिला." जुडणं म्हणजे गार होणं. मग मला कळलं की इथे भात शेवटी येत नाही, भात म्हणजेच जेवण. सकाळी त्याच भाताला फोडणी दिलेली होती आणि मी तो दोनदा घेतला.

रात्री जेवताना रेखाने सगळं सांगितलं. तिचे बाबा, तुळशीरामजी, आंबागडच्या पायथ्याच्या गावात राहतात. धानाच्या चार बांध्या, म्हणजे भातखाचरं, आहेत आणि वर्षातून दोनदा ते रानात कोसा घेतात. कोसा हा शब्द तिच्या हस्तलिखितात आधीच्या प्रकरणात एकदा आला होता: 'कोशाच्या दिवसांत बाबा घरी येत नसत.' ती ओळ मी वाचली होती. पण कोसा म्हणजे मला ठाऊक होती ती साडी, लग्नात नेसायची. ती साडी होण्याआधी कुणाला तरी झाडाखाली दोन महिने राहावं लागतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

कोशाचे, म्हणजे रानरेशमाचे, किडे येनाच्या झाडावर सोडतात. येन म्हणजे आपला ऐन. किडे पाला खातात आणि खातच सुटतात. एक झाड बोडकं झालं की त्यांना दुसऱ्या झाडावर न्यायचं. हाताने उचलायचं नाही. ज्या डहाळीला ते चिकटलेत ती डहाळीच कापून अलगद न्यायची आणि नव्या झाडाला बांधायची. किडे आपापले चढून जातात.

"म्हणजे फांदी..." मी म्हटलं.

"फांदी म्हणजे फांदी जी," रेखा म्हणाली आणि हसली.

आणि अनवाणी? तर त्या दिवसांत तुळशीरामजी पायात काही घालत नाहीत, केस कापत नाहीत, डोक्याला तेल लावत नाहीत, कांदा-लसूण खात नाहीत. वर्षभर मासोळीशिवाय घास न उतरणारा माणूस मासोळीचं नाव काढत नाही. रानातच झोपडीत राहतो, डबा आला नाही तर स्वतःचं स्वतः रांधतो. ही त्यांच्या घरची चाल. पाळलं नाही तर किडे मरतात, असं त्यांच्या वडिलांनी सांगितलं, त्यांना त्यांच्या वडिलांनी.

"मग हे किडे तू प्रकरणात का नाही लिहिलेस? एक वाक्य लिहिलं असतंस तर मला कळलं असतं."

रेखाने भाताचं पातेलं झाकलं. "ते दिसतच नव्हते, मॅडम. पानाइतकेच हिरवे असतात. आणि मले जवळ जाता येत नव्हतं. कोसा झाडावर असला का बाईमाणसानं आत जायचं नाई. सात-आठ वर्षांची होतो तवापासून मी धुऱ्यावरूनच पायलं. धुरा म्हणजे बांधीचा बांध. तिथून जेवढं दिसलं तेवढंच लिहिलं."

माझ्या अभिप्रायातली शेवटची ओळ मला आठवली. 'निवेदिका प्रसंगापासून लांब उभी राहते. तिने जवळ जायला हवं होतं.' मी ती लाल शाईने अधोरेखित केली होती.

लांबून घेतलेलं दृश्य म्हणजे एकटेपणा, असं मी पोरांना सिनेमा दाखवून शिकवत आले. कुणाला तरी जवळ यायची परवानगीच नसेल, हा अर्थ माझ्या यादीत कधी नव्हता.

"राग नाही येत?" मी विचारलं.

"येते नं! येऊनच राहिला. आता नोकरी आहे, मुलगी आहे, तरी बाबाले डबा द्याले जातो त धुऱ्यावर ठेवून मागं सरकतो. पण रागात लिहिलं असतं तर राग दिसला असता, बाबा नसते दिसले."

कादंबरी पुढच्या आठवड्यात छापायला जाणार होती. प्रकाशकांनी तिला कळवलं होतं, ते प्रकरण काढलं तरच पुस्तक निघेल. नऊ वर्षं तिने त्या कादंबरीवर काढली होती. ती हो म्हणाली होती. बाबांना वाचता येत नाही. पुस्तक आलं की ती त्यांना वाचून दाखवणार, असं ठरलं होतं. त्यांचं प्रकरण त्यात नाही, हे मात्र तिने त्यांना सांगितलेलं नव्हतं.

मी म्हटलं, "उद्या मी प्रकाशकांना फोन करते. प्रकरण परत घालूया."

तिने लगेच हो म्हटलं नाही. "तुमाले आता मी सांगितलं म्हणून पटलं. वाचणाऱ्याले कोण सांगन? त्याले तेच दिसन, जे तुमाले दिसलं."

"खाली टीप देऊ. मी देते, हवं तर."

"टीप नका देऊ जी." ती ठामपणे म्हणाली. "माह्या बापाले समजवाले टीप लागते काय?"

पस्तिशीच्या मुलीने मला निरुत्तर केलं आणि वरून सुपारी दिली.

आंबागडच्या खाली

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही निघालो. तुमसर मागे पडलं, मग साग आणि मोहाची झाडं वाढत गेली आणि समोर गडाची टेकडी दिसायला लागली. माझ्या व्याख्यानात चढण म्हणजे आत्म्याचा शोध वगैरे असते. प्रत्यक्षात मी गडाला पायथ्यावरूनच नमस्कार केला, गुडघ्यांनी माझे आभार मानले.

बांध्यांमधून चालत गेलो. धान कापायला आलेलं. धुरा अरुंद, त्यावर दोन पावलं बरोबर पडत नाहीत. मी दोनदा घसरून बांधीत पाय घातला. दोन्ही वेळा रेखाने हात दिला आणि एकदाही हसली नाही, हे तिचं मोठेपण. बांध्या संपल्या तिथे येनाची झाडं सुरू होत होती. काही हिरवी, काही पार बोडकी. मध्ये गवताची झोपडी. आणि झाडांमधून एक उंच, वाळका म्हातारा येताना दिसला. केस मानेवर रुळलेले, हातात पाखरं हाकायची गुलेल.

त्यांनी लांबूनच हात जोडले. "या जी! कुठून आल्या?"

"सातारा!" मी ओरडून सांगितलं.

"लय दूर! इतक्या दुरून आल्या त या नं आत. चप्पल काढा न् या. तुमचं वय झालं, तुमाले चालते!"

मला हसूच आलं. इतक्या सरळ शब्दांत माझं वय मला कुणी सांगितलं नव्हतं. मी चपला काढल्या. ज्या प्रकरणाला मी काढून टाकायला लावलं, त्याच्या आत जायचं आमंत्रण मला मिळालं होतं. किडे बघायची खूप इच्छा होती. एक पाऊल टाकलं तोच तळव्यात काटा गेला. काढायला वाकले आणि मागे बघितलं. रेखा धुऱ्यावर उभी होती. डबा खाली ठेवून दोन पावलं मागे सरकलेली. चेहऱ्यावर काही नव्हतं, रोजचीच जागा असल्यासारखी उभी होती.

मी परत फिरले आणि तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"जा नं मॅडम," ती म्हणाली. "तुमाले त बोलावलं."

"इथूनच बघते," मी म्हटलं.

तुळशीरामजी दोघींकडे बघून जरा थांबले. डबा उचलून झोपडीत ठेवला आणि कामाला लागले.

पुढचे दोन तास मी त्या धुऱ्यावर उभी होते आणि ते प्रकरण बघत होते. बोडक्या झाडाखाली तो माणूस जायचा. खूप वेळ नुसता वर बघायचा. मग कोयता हलकेच चालायचा, एक डहाळी खाली यायची. ती खांद्यावर घेऊन तो चालायचा, सावकाश, पाय दाबून, डोक्यावर भरलेली घागर असावी तसा. चाळीसेक पावलं. हिरव्या झाडापाशी थांबायचा, डहाळी बांधायचा, हाताने पानं सारखी करायचा आणि परत यायचा. मध्येच पाखरू आलं की गुलेल. किडा मला एकही दिसला नाही. रेखाने लिहिलेली वाक्यं एकामागून एक समोर चालत होती. तिने एक शब्द जास्त घातला नव्हता. मीच त्यांना हार घातले होते आणि मग हार जास्त झाले म्हणून तिला रागावले होते.

मला रडू आलं. ते लपवायला मी पदराने घाम पुसला. रेखाने विचारलं, "ऊन लागून राहिलं काय जी?" मी हो म्हटलं.

धुऱ्यावर

दिवस कलला तशी पाखरं आपापल्या झाडांकडे गेली आणि तुळशीरामजींना उसंत मिळाली. ते त्यांच्या बाजूला, येनाच्या बुंध्याशी, आमच्याकडे तोंड करून बसले. आम्ही आमच्या बाजूला, धुऱ्यावर पाय सोडून. मध्ये पन्नास पावलांचं अंतर. दोन्हीकडून बोलायला आवाज चढवावा लागत होता.

मीच म्हटलं, "तुळशीरामजी, रेखाने तुमच्यावर लिहिलंय. मी ते पुस्तकातून काढायला लावलं होतं. चूक झाली माझी."

त्यांना बहुतेक नीट कळलं नाही. "काहून काढलं?" त्यांनी रेखाला विचारलं.

"मॅडमले वाटलं, असं कोणी करत नाई," रेखा म्हणाली. आणि मग थोडं थांबून, "आयकता काय बाबा? वाचू?"

"वाच नं. बसलोच हावो."

तिने मोबाइल काढला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. वर्गात धडा वाचावा तशी, एकेक शब्द मोकळा करून, पन्नास पावलांवर पोचेल असा. मी बाजूला बसून ऐकत होते. बापाला हे आवडलं नाही, खोटं वाटलं, तर ती ते कायमचं पुसून टाकेल हे मला तिच्या आवाजावरून कळत होतं.

म्हातारा मान खाली घालून ऐकत होता. एका ठिकाणी त्याने हात वर केला.

"थांब. काय म्हणाली? फांदी उजव्या खांद्यावर?"

"हो."

"डाव्या. उजव्या हातात गुलेल रायते. उजव्या खांद्यावर फांदी घेऊन गुलेल कशी मारन?"

रेखा गोंधळली. "बाबा, मले चांगलं आठवते. याच बाजूनं होती फांदी." तिने स्वतःच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला.

"तुह्याकडून पायलं त याच बाजूनं दिसन. मी तोंडासमोर येऊन रायलो होतो नं. समोरच्या माणसाचा डावा खांदा आपल्या उजवीकडं येते. शिक्षिका हायेस न् एवढं समजत नाई?"

मला हसू आलं. पण रेखा हसली नाही. ती काहीतरी मोजल्यासारखी झाडांकडे बघत होती.

"पण बाबा," ती म्हणाली, "तुमी दरवेळेस समोरूनच कसे काय येत होते? झाडं त चारी बाजूनं हायेत."

तुळशीरामजी गुलेलीचं रबर ओढून बघत होते. ते त्यांनी सोडलं नाही.

"तू शाळा सुटली का येऊन उभी रायत होती. तू आली का मी पयले मागच्या बाजूचे झाडं रिकामे करायचो न् तिकडच्या फांद्या इकडं आणायचो. म्हणजे फांदी घेऊन येतानी तोंड तुह्याकडं. परत जातानी त रिकामाच, झपाझप जायचो." ते थांबले. मग जरा मोठ्याने म्हणाले, "लेकरू उनात उभं हाये. त्यानं दोन महिने बापाची पाठच पायली असती काय?"

रेखाच्या हातातला मोबाइल विझला होता. तिने तो पुन्हा चालू केला नाही.

"सांगितलं काहून नाई कधी?" तिचा आवाज पन्नास पावलं गेला असेल की नाही, मला माहीत नाही.

गेला असावा. कारण पलीकडून उत्तर आलं. "सांगाले काय त्याच्यात? तू पायतच होती."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग तिने पदराने चेहरा पुसला, उभी राहिली आणि मला म्हणाली, "मॅडम, फोन लावा."

रेंज मिळेपर्यंत आम्ही दोन बांध्या मागे आलो. प्रकाशक वैतागले. म्हणाले, अहो, तुम्हीच तर काढायला सांगितलं होतं. मी म्हटलं, वाचणारी चुकली होती, लिहिणारी नाही. माझा अभिप्राय फाडून टाका आणि प्रकरण होतं तिथे ठेवा. टीप नको, खुलासा नको. त्यांनी दोनदा खात्री करून घेतली. मग विचारलं, प्रकरण जसंच्या तसं घ्यायचं की लेखिकेला काही दुरुस्ती करायची आहे?

मी फोन कानापासून दूर धरला आणि रेखाला म्हटलं, "तो खांदा आता डावा करायचा ना?"

तिने मागे वळून बघितलं. येनाच्या झाडांपाशी तुळशीरामजी अजून आमच्याकडे तोंड करून उभे होते.

"नाई जी," ती म्हणाली. "उजवाच राहू द्या म्हणा."